शाळेची समिति व आईबापांची सही

(मंडळीच्या साप्ताहिक सभेकरितां पाठ. शास्त्रभाग: प्रेषितांचीं कृत्यें ६:१–७ आणि २ करिंथ ८:१८–२१. उपदेशक बंधूंनीं दोन्ही भाग आधीं सभेंत मोठ्यानें वाचून दाखवावे.)



यरुशलेमांतील मंडळी वाढूं लागली तेव्हां तींत जें कुरकुरणें सुरू झालें, तें अन्नाच्या वाटणीवरून झालें. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांनीं तक्रार केली कीं, रोजच्या वाटणींत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतें. तक्रार साधी होती. प्रेषितांच्या जागीं आपल्यापैकीं कोणी असता, तर त्यानें कदाचित् असें म्हटलें असतें कीं, आम्ही प्रभूचे निवडलेले, आमच्यावर संशय घेतां काय? प्रेषितांनीं तसें म्हटलें नाहीं. त्यांनीं सर्व शिष्यसमुदायास बोलाविलें, काम त्याच्यापुढें मांडलें, आणि सात माणसें तुम्हीच निवडून द्या असें सांगितलें.

आतां त्या सात जणांचीं नांवें सावकाश वाचा. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातहि नांवें ग्रीक आहेत, आणि निकलाव तर अंत्युखियाचा, यहूदी मत स्वीकारलेला परका मनुष्य. ह्यावरून शास्त्राचे टीकाकार असें अनुमान काढतात कीं, ज्यांची तक्रार होती त्यांच्यांतूनच मंडळीनें हीं माणसें निवडलीं. ज्यांच्या पानांत कमी पडत होतें, त्यांच्याच हातीं वाढण्याची पळी दिली. हा भाग मीं धर्मशाळेंत शिकत असतां अनेकदां वाचला होता. परंतु त्याचा खरा अर्थ मला एका प्राथमिक शाळेच्या ओटीवर कळला, व तोच आज तुम्हांपुढें मांडावयाचा आहे.

२००९ सालीं संसदेनें बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याचें २१ वें कलम प्रत्येक आईबापानें समजून घ्यावें असें आहे. शाळा सरकारी असो, जिल्हा परिषदेची असो, महानगरपालिकेची असो, अथवा सरकारी अनुदान घेणारी असो, तिला एक व्यवस्थापन समिति असली पाहिजे. तींत निदान तीनचतुर्थांश सभासद त्या शाळेंत शिकणाऱ्या मुलांचे आईबाप किंवा पालक असावे, एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या आईबापांस त्यांच्या प्रमाणांत जागा मिळाव्या. हें शेवटलें वाक्य वाचतांना मला त्या सात ग्रीक नांवांची आठवण होते.

महाराष्ट्र शासनानें २०१० सालीं ह्या समितीचा आकार बारा ते सोळा सभासद असा ठरविला. सभासदांची निवड पालकांच्या सभेंत व्हावी, अध्यक्ष व उपाध्यक्ष हे पालकांतूनच असावे, मुख्याध्यापक हे सचिव असावे, महिन्यास एक बैठक व्हावी, आणि दर दोन वर्षांनीं समिति नवी व्हावी, असा तो नियम. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करणें, आलेल्या अनुदानाचा खर्च कसा झाला तें पाहणें, हीं तिचीं कामें कायद्यानेंच सांगितलीं आहेत. म्हणजे गांवांतील मजूर बाई सुद्धां शाळेच्या कारभारांत कायद्यानें भागीदार झाली. हें किती घरांत माहीत आहे?

आपल्या लोकांस ही गोष्ट जड जाते, आणि त्याला कारण आहे. अमेरिकन मराठी मिशननें १८१५ सालीं मुंबईंत शाळा काढली, १८३१ सालीं अहमदनगरास ठाणें केलें, व पुढें खेडोपाडीं मिशनच्या शाळा पसरल्या. पुष्कळ ठिकाणीं उपदेशक तोच मास्तर असे. पगार मिशनचा, पुस्तकें मिशनचीं, परीक्षा घ्यावयास साहेब दौऱ्यावर येत. त्या शाळांचे उपकार आपण कधींहि विसरूं नयेत. परंतु त्यांत आईबापाचें काम एवढेंच होतें कीं, पोरास धुऊनपुसून पाठवावें. आणि तेंहि पुष्कळदां मास्तरास घरोघरीं जाऊन मागावें लागे. तेव्हां शाळा साहेबांची होती. मागाहून ती सरकारची झाली. ती आपली झाली आहे ही वार्ता अजून पोंचावयाची आहे.

बाहेरच्या जगांतहि पालकाकडे असेंच पाहिलें जाई. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देऊन, निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं १९१७ सालीं आपल्या संस्थानांत तें सक्तीचें केलें, व मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेविला. त्या काळीं तें योग्यच होतें. त्या दिवसांत कायदा आईबापाचा कान धरी. आतां तो त्यांस बसावयास पाट देतो. पाटावर बसणारा मात्र जेवण वाढीपर्यंत झोंपतो, असें पुष्कळदां घडतें.

दुसऱ्याचें कशाला, माझेंच सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या समितींत, पालकांखेरीज ज्या थोड्या जागा असतात त्यांपैकीं एकीवर, माझें नांव घालण्यांत आलें. पाळक आहे, शिकलेला आहे, सही करील, एवढेंच त्या नेमणुकीचें कारण असावें. दर महिन्यास एक मुलगा इतिवृत्ताची वही घेऊन घरीं येई. जेथें पेन्सिलीची खूण असे तेथें मी सही करीं आणि मुलाच्या हातावर पेपरमिंट ठेवीं. असें जवळजवळ वर्ष गेलें. मग एका रविवारीं उपासना संपल्यावर आपल्याच मंडळींतील एक मजुरीवर जाणारी बाई मला म्हणाली, “पाळकसाहेब, मुलींच्या संडासाला कुलूप कां असतं? तुम्ही तर समितींत आहां.” तिची मुलगी सहावींत होती. दुपारीं ती घरीं येई ती परत शाळेंत जात नसे.

दुसऱ्या दिवशीं मीं ती वही पहिल्यांदा वाचली. संडासाच्या दुरुस्तीचा ठराव तींत होता, झालेला खर्च होता, आणि पुढें वाक्य होतें कीं समितीनें कामाची समक्ष पाहणी केली. त्याखालीं माझी सही होती. मीं काय पाहिलें होतें? पैशाची चोरी झाली नव्हती, हें प्रथम सांगितलें पाहिजे. दार नवें होतें, फरशी बसविली होती. परंतु टांकीपासून नळच आणलेला नव्हता. पाणी नाहीं म्हणून कुलूप, आणि कुलूप म्हणून ती मुलगी घरीं. दहा आज्ञांपैकीं नववी आज्ञा मीं शब्बाथ शाळेच्या मुलांस कितीदां तरी शिकविली आहे. आपल्या सहीनें ती मोडतां येते हें मात्र मला त्या दिवसापर्यंत सुचलें नव्हतें. नळास पाणी यावयास पुढें अडीच महिने लागले. त्यांतील पहिला महिना माझ्याच संकोचांत गेला, कारण गुरुजींस विचारलें तर त्यांस अपमान वाटेल असें मला वाटत होतें.

हा संकोच आपल्यापैकीं पुष्कळांस असतो. हिशोब मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें, असें आपण समजतों. म्हणून करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा भाग आज जोडून घेतला आहे. यरुशलेमांतील गरिबांसाठीं गोळा केलेली मोठी रक्कम पौल स्वतः नेऊं शकला असता. त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं कोण शंका घेणार? तरी मंडळ्यांनीं निवडलेला एक बंधु त्यानें बरोबर घेतला, आणि कारण असें दिलें कीं, प्रभूच्या दृष्टीनें चांगलें तें मनुष्यांच्याहि दृष्टीनें चांगलें दिसावें. प्रामाणिक मास्तरास समितीनें वही पाहिलेली आवडते. त्याचा भार हलका होतो.

तेव्हां काय पाहावें? शाळेस येणारें एकत्रित अनुदान समग्र शिक्षा योजनेंत पटाप्रमाणें ठरविलें आहे. तीस मुलांपर्यंत वर्षास १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,०००, त्यावर एक लाख. त्यांतील निदान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठीं आहे. दशमांश काढावयास शिकलेल्या मंडळीस हा हिशोब कठीण नाहीं.

आणि अन्न. सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं हुकूम केला कीं प्राथमिक शाळेंतील मुलांस शिजविलेलें अन्न द्यावें. त्यापूर्वीं महाराष्ट्रांत १९९५ पासून महिन्याचा तांदूळ घरीं मिळत असे. आतां पहिली ते पांचवीच्या मुलामागें रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असें प्रमाण आहे. सहावी ते आठवीस १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी व साडेसात ग्रॅम तेल. चाळीस लहान मुलें हजर असलीं तर चार किलो तांदूळ आणि आठशें ग्रॅम डाळ पातेल्यांत पडली पाहिजे. जिनें आयुष्यभर घरच्या माणसांचा भात शिजविला आहे, तिला हें पाटीवर मांडून दाखवावें लागत नाहीं; ती पातेल्याकडे पाहूनच सांगेल. मुलांस वाढण्यापूर्वीं मोठ्यांनीं चव घ्यावी असा नियम आहे, व त्यांत समितीच्या आयांनींहि पाळीपाळीनें भाग घ्यावा. आमच्या शिकलेल्या सभासदांस ठराव लिहितां येतो, परंतु डाळींत डाळ किती आहे तें त्यांस कळत नाहीं. प्रेषितांनीं वाटणीचें काम हलकें मानलें नव्हतें. पवित्र आत्मा व ज्ञान ह्यांनीं पूर्ण अशीं माणसें त्यांनीं त्यासाठीं मागितलीं, आणि ज्यानें पुढें हबशी अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा केला तो फिलिप्प त्याच पंगतींत वाढत होता.

आतां ज्यांच्याकडे दुर्लक्ष होतें त्यांच्याविषयीं. आपल्या पनवेल तालुक्यांत कर्नाळ्याच्या पायथ्यापासून माथेरानच्या डोंगराच्या कुशीपर्यंत कातकरी व ठाकूर बांधवांच्या वाड्या आहेत. भाताची कापणी आणि दिवाळी उरकली कीं कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, व पावसाच्या तोंडाशीं परत येतात. मुलें अर्थात् बरोबर जातात. वाडींत त्यांस कोणाजवळ ठेवणार? म्हणजे शाळेचें अर्धें वर्ष तीं हजेरीपुस्तकांत गैरहजर, आणि त्यांचे आईबाप समितींत गैरहजर. मग बैठकींत कोणी म्हणतो, ह्या लोकांस शिक्षणाची आवडच नाहीं. विधवांविषयींहि यरुशलेमांत असेंच कांहीं बोललें गेलें असेल.

कायद्यानें ह्या मुलांसाठीं दारें उघडीं ठेविलीं आहेत. मूल जेथें जाईल तेथील शाळेनें त्यास घेतलें पाहिजे. दाखल्यास उशीर झाला किंवा जन्माचा कागद नाहीं, एवढ्यावरून त्यास परत पाठवितां येत नाहीं. वर्षाच्या मध्येंहि घ्यावें लागतें, आणि वयाप्रमाणें योग्य त्या वर्गांत बसवावें लागतें. गांवाहून निघतांना मुलापाशीं शिक्षण हमी कार्ड द्यावें अशी व्यवस्था महाराष्ट्रांत झाली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गांवीं हंगामी वसतिगृहें चालविण्याचें कामहि व्यवस्थापन समित्यांकडे सोंपविण्यांत आलें, म्हणजे आजीजवळ झोंपणारें मूल शाळेंत दोन्ही वेळां जेवूं शकतें. परंतु हीं दारें आपोआप उघडत नाहींत. दिवाळीपूर्वींच्या बैठकींत समितीनें विचारलें पाहिजे कीं, वाडींतून कोण कोणत्या भट्टीवर जाणार, मुलें किती, कार्डें लिहिलीं काय, आणि भट्टीजवळची शाळा कोणती. वाडीचा सभासद समितींत असेल तर हा प्रश्न निघतो. नसेल तर माझ्या अनुभवांत तो निघालेला नाहीं.

स्त्रियांच्या जागांविषयीं थोडेंच सांगतों, कारण सर्वांस ठाऊक आहे. कागदावर सभासद बाई असते आणि खुर्चीवर तिचा नवरा बसतो. ख्रिस्ती घरांत तरी हें बंद व्हावें. भिऊन न येणाऱ्या बाईस कोणी शेजारीण बरोबर घेऊन यावें.

समिति जागी झाली म्हणजे दुसरी एक परीक्षा येते. कोठें कोठें अध्यक्ष हा लहानसा पाटील होतो. गुरुजींस मुलांदेखत दरडावतो, भिंतीच्या रंगाचें काम भाच्यास मिळावें म्हणून अडून बसतो. कायद्यानें शिक्षकास वेळेवर येणें, पाठ पुरा करणें व पालकांच्या सभा भरविणें बंधनकारक केलें आहे, आणि मुलास मारण्याची मनाई केली आहे. हें समितीनें पाहावें. त्याच कायद्यानें असेंहि सांगितलें आहे कीं जनगणना, आपत्तीचें निवारण आणि निवडणूक ह्यांखेरीज दुसऱ्या कामास शिक्षकास जुंपूं नये. गुरुजींवर भलताच भार पडत असेल तर तक्रारीचा अर्ज समितीच्या शिक्क्यानें जावा. एकट्या मास्तराच्या अर्जापेक्षां बारा पालकांच्या सहीस अधिक वजन असतें.

पनवेलच्या भोंवतालीं शहर किती वाढलें तें तुम्ही पाहतांच. १८५२ सालची जुनी नगरपालिका जाऊन १ ऑक्टोबर २०१६ रोजीं महानगरपालिका झाली, आसपासचीं खेडीं तींत आलीं, आणि २०२५ सालीं विमानतळाचेंहि उद्घाटन झालें. गांवाच्या तोंडाशीं इंग्रजी शाळेची पिवळी बस उभी राहते. जो पालक सभेंत बोलूं शकला असता, त्याचें मूल त्या बसमध्यें चढतें; मागें राहतीं तीं बोलूं न शकणाऱ्यांचीं मुलें. ह्यांत पाळकांचीं घरें आलीं, माझेंहि आलें. मी कोणास दोष देत नाहीं, परंतु परिणाम लक्षांत घ्या. पट घटतो. २०१७ सालच्या अखेरीस राज्य शासनानें दहापेक्षां कमी पटाच्या सुमारें १,३०० शाळा जवळच्या शाळांत मिळविण्याचें ठरविलें होतें. पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी असा राज्याचा नियम आहे. नकाशावरचा किलोमीटर आणि ओढ्याला पाणी आल्यावर पांच वर्षांच्या पोरानें चालावयाचा किलोमीटर ह्यांतील फरक आईच सांगूं शकते. तिचें म्हणणें समितीच्या विकास आराखड्यांत आधींच लिहिलेलें असेल तर अधिकाऱ्यांपुढें कागद ठेवतां येतो. शाळा बंद झाल्यावर केलेला अर्ज ही निराळी गोष्ट आहे.

आपल्या स्वतःच्या संस्थांविषयीं एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. २०१२ सालच्या दुरुस्तीनें अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळांतील समिति केवळ सल्ला देणारी झाली, आणि २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्याकांच्या शाळांस हा कायदाच लागू नाहीं असा निकाल दिला. २०२५ सालीं त्याच न्यायालयाच्या एका पीठानें त्या निकालाचा फेरविचार व्हावा असें मत दिलें. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेंत कातकरी बाईस जो अधिकार कायद्यानें दिला, तो ख्रिस्ती शाळेंत तिला देण्याची आम्हांवर सक्ती नाहीं. प्रेषितांवर तरी कोणत्या कायद्याची सक्ती होती? आमच्या शाळामंडळांनीं आपल्या सभासदांचीं नांवें एकदां कागदावर लिहून पाहावीं, आणि त्यांत विद्यार्थ्यांच्या आया किती आहेत तें मोजावें.

उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. ज्या गांवीं तुमचें काम आहे तेथील समितीची मुदत केव्हां संपते तें विचारून ठेवा, व पालकसभेच्या दिवशीं मंडळीच्या लोकांस घेऊन जा. केवळ मंडळीच्याच नव्हे, वाडीच्याहि. सभेची वेळ सकाळीं अकराची असेल तर ती संध्याकाळीं ठेवावी म्हणून अर्ज द्या, कारण अकरा वाजतां मजूर कामावर असतो. आणि ज्या सभासदास वाचतां येत नाहीं त्यास अंगठा उमटविण्यापूर्वीं इतिवृत्त शब्दशः वाचून दाखवा. हें काम कंटाळवाणें आहे. गेल्या पावसाळ्यांत एका वाडींतील बाईस मी असें वाचून दाखवीत होतों. मीं पहिलीच ओळ वाचली कीं बैठकीस नऊ सभासद हजर होते. तिनें हात मागें घेतला आणि बोटांवर नांवें मोजलीं. “नऊ कुठले? सहाच बसलों होतों,” ती म्हणाली. गुरुजी हंसले, त्यांनीं तो आंकडा खोडला, सहा लिहिला, बाजूस आपली सही केली, आणि मग तिनें शाईच्या डबींत अंगठा बुडविला.